ठाकूरद्वार नाक्यावरचे ‘ऐंशी टक्के’

आमच्या वाडीच्या गणेशोत्सवाची बैठक असो, नाक्यावरचा सकाळचा चहा असो की चाळीच्या पुनर्विकासाची सभा, एक वाक्य मला हमखास ऐकू येतं. ‘एके काळी मुंबईत ऐंशी टक्के मराठी माणूस होता, आता बघा!’ कधी ऐंशीचे पंचाहत्तर होतात, कधी नव्वद. गेल्या वर्षी एका तरुण कार्यकर्त्याने तो आकडा फलकावर छापायला घेतला होता. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, ‘बाळा, हा आणलास कुठून?’ तो म्हणाला, ‘काका, सगळ्यांनाच माहीत आहे.’

सगळ्यांना माहीत असलेली ही गोष्ट खरी नाही. जनगणनेला सुरुवात झाल्यापासून एकाही मोजणीत मुंबई शहरात मराठी भाषक ऐंशी टक्क्यांच्या जवळपासही नव्हते.

१८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ७,७३,१९६ होती. मराठी बोलणारे त्यात सुमारे निम्मे होते आणि गुजराती बोलणारे चौथ्या हिश्श्याहून थोडे अधिक. पुढची काही दशकं मराठीचं प्रमाण निम्म्याच्या आसपास, कधी थोडं वर, असंच राहिलं. १९५१ मध्ये ते ४३.६ टक्के झालं आणि १९६१ मध्ये, म्हणजे महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरच्या पहिल्याच जनगणनेत, ४२.८ टक्के. मधल्या काळात शहराची हद्दही वाढली. १९५० आणि १९५७ मध्ये उपनगरं महापालिकेत आली, त्यामुळे १९२१ ची मुंबई आणि १९६१ ची मुंबई म्हणजे एकच भूभाग नव्हे. तरीही एवढं निश्चित आहे की निम्म्याच्या फार वर हा आकडा कधी गेला नाही.

ज्याला आकड्यांचा कंटाळा आहे त्याने माझ्याबरोबर गिरगावातल्या ठाकूरद्वारहून एक फेरी मारावी. खोताची वाडी पाठारे प्रभू समाजातल्या दादोबा वामन खोतांच्या नावाने ओळखली जाते आणि तिथली लाकडी घरं ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची. हे ईस्ट इंडियन इथलेच, त्यांची घरची बोली मराठीचीच. तिथून फणसवाडीत या, दाक्षिणात्य वैष्णव परंपरेचं व्यंकटेश देवस्थान लागतं. लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने १८९३ मध्ये जिथे सार्वजनिक गणपती बसला, त्या चाळीला आपण केशवजी नाईक चाळ म्हणतो, आणि केशवजी नाईक हे कच्छी व्यापारी होते. पाच-दहा मिनिटं धोबीतलावाकडे चाललं की गोव्याच्या गावागावांच्या ‘कूड’ लागतात, बोटीवर चढण्याआधी गोंयकार खलाशी जिथे ट्रंक ठेवून राहायचे. दुसऱ्या अंगाला भुलेश्वर आणि काळबादेवी, म्हणजे गुजराती आणि मारवाडी बाजार. ही सगळी वस्ती काल-परवाची नाही, शंभर-दीडशे वर्षांची आहे. आपल्या लहानपणी गिरगाव अस्सल मराठी वाटायचं ते खोटं नव्हतं, कारण वाडीच्या आत खरंच सगळे मराठी होते. चूक होते ती वाडीचा हिशेब अख्ख्या शहराला लावला की.

वाडीतले तरी सगळे ‘मूळचे’ होते का? माझे आजोबा देवगड तालुक्यातून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि गावकऱ्यांच्या खोलीत वळकटी टाकून राहिले. एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळीपाळीने झोपणारे. शेजारचे कोणी राजापूरचे, कोणी खेडचे, कोणी साताऱ्याचे. १९२१ च्या जनगणनेत मुंबईतल्या दर शंभर माणसांपैकी सुमारे ८४ जणांचा जन्म शहराबाहेर झालेला होता. शंभरात चौऱ्याऐंशी! आणि त्या काळात सर्वाधिक माणसं पाठवणारा जिल्हा होता आपला रत्नागिरी, ज्यात तेव्हा आजचा सिंधुदुर्गही होता. घरची बायकामुलं गावी शेत सांभाळत, म्हणून तेव्हाच्या मुंबईत पुरुषांच्या मानाने स्त्रिया जेमतेम निम्म्या होत्या. ‘बाहेरून आलेले’ हा शब्द तोंडातून निघतो तेव्हा मला आजोबांची ती वळकटी आठवते.

या शहराचे अगदी जुने रहिवासी म्हणायचे तर कोळी, आगरी, भंडारी, पाठारे प्रभू, पाचकळशी, ईस्ट इंडियन. त्यांची संख्या मोठी कधीच नव्हती. बाकी आपण सारे गिरणी, गोदी, छापखाना, कचेरी आणि शाळा यांच्या ओढीने आलो.

मी एवढा चिडतो ते आकडा चुकला म्हणून नाही. टक्केवारीचा हा हिशेब आपल्याच विरोधात जातो, आणि पूर्वी गेलाही आहे. भाषावार प्रांतरचनेच्या वादात मुंबई महाराष्ट्राला देऊ नये म्हणणाऱ्यांचा एक मुख्य मुद्दा हाच होता की मराठी लोक शहरात निम्म्याहून कमी आहेत. १९४८ मध्ये दोन्ही बाजूंचे अर्थशास्त्रज्ञ यावर भांडत होते, एक बाजू निम्म्याच्या वर सांगे, दुसरी चाळिशीच्या आसपास. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या वादाचा विचार करणाऱ्या दार आयोगापुढे जे निवेदन दिलं ते प्रत्येक गिरगावकराने वाचायला हवं. टक्केवारी हा निकषच त्यांनी निर्णायक मानला नाही. मुंबई भूगोलाने महाराष्ट्राचा भाग आहे, आणि बाहेरच्या लोकांनी येऊन वस्ती केल्याने भूगोल बदलत नाही, अशी त्यांची मांडणी होती. कलकत्त्यात बंगालबाहेरचं भांडवल आणि माणसं असूनही ते बंगालचंच, मग मुंबईलाच वेगळा न्याय कशासाठी, हा त्यांचा प्रश्न होता. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ झाली, १०६ हुतात्मे झाले, १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र मिळाला, तो मराठी भाषक ४३ टक्के असताना. शहरातला सर्वांत मोठा भाषिक गट तेव्हाही आपलाच होता आणि शहर चालवणारे कष्टही बहुतांशी आपले होते. असं असताना आज कोणी ‘ऐंशी टक्के होतो म्हणून मुंबई आमची’ म्हणू लागला, तर समोरचा सरळ विचारेल की मग पस्तीस टक्क्यांवर ती कोणाची? ज्यांनी रक्त सांडून हा प्रश्न निकाली काढला, त्यांचं काम आपण एका खोट्या आकड्यापायी पुन्हा उघडं पाडतो.

पस्तीस का म्हटलं? कारण घट खरी आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. २०११ च्या जनगणनेत शहर आणि उपनगर मिळून १,२४,४२,३७३ लोक होते. त्यांत मातृभाषा मराठी सांगणारे सुमारे ४४ लाख, म्हणजे ३५ टक्क्यांच्या थोडे वर. २००१ मध्ये ते सुमारे ४५ लाख होते, म्हणजे केवळ प्रमाणच नव्हे, संख्याही उतरली. हिंदी सांगणारे त्याच दहा वर्षांत सुमारे २६ लाखांवरून ३६ लाखांवर गेले. महापालिकेच्या २००९ च्या मानवी विकास अहवालात याची पार्श्वभूमी सापडते. १९६१ मध्ये मुंबईतल्या स्थलांतरितांपैकी ४१.६ टक्के महाराष्ट्रातूनच आलेले होते, २००१ मध्ये ते ३७.४ टक्के राहिले. याच काळात उत्तर प्रदेशचा वाटा १२ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेला आणि गुजरातचा जवळपास १७ वरून दहाच्या खाली आला. तरीही मराठी हाच शहरातला सर्वांत मोठा भाषिक गट आहे, हे ‘मराठी संपली’ म्हणणाऱ्यांनी ऐकून घ्यावं.

मग माणसं गेली कुठे? आमच्या मजल्यावरच्या अकरा बिऱ्हाडांपैकी सात गेली, आणि कोणीही कोणाला दंडाला धरून बाहेर काढलं नाही. दहा बाय बाराच्या खोलीत दोन भावांची लग्नं झाली की तिसऱ्याला डोंबिवली किंवा बोरिवली बघावीच लागे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, त्याचा आपल्याला आधार झाला, पण मालकाने दुरुस्ती सोडली आणि जिने टेकूंवर आले. पागडीची खोली विकून मालकाचा हिस्सा देऊनही विरार-बदलापूरकडे नळ-संडास आत असलेलं घर येत होतं. लालबाग-परळमध्ये १८ जानेवारी १९८२ च्या गिरणी संपाने ज्यांची चूल विझवली, त्यांच्यापुढे तर तेवढाही विचार करायला वेळ नव्हता. आणि हेही सांगायला हवं की आज नव्या टॉवरमध्ये मांसाहाराचं निमित्त काढून मराठी कुटुंबाला घर नाकारलं जातं, ही तक्रार काल्पनिक नाही. तिच्याविरुद्ध जरूर बोलावं, कायद्याने भांडावं. पण ते भांडण घराच्या हक्काचं आहे, ऐंशी टक्क्यांचं नाही.

आता बाकीचे गैरसमज. यांच्यावर मी फार वेळ घालवणार नाही.

‘दक्षिण मुंबईत माणसांची गर्दी वाढतेच आहे.’ दिवसा नोकरीला येणाऱ्यांची असेल, राहणाऱ्यांची नाही. मुंबई शहर जिल्हा २००१ मध्ये ३३,३८,०३१ होता, २०११ मध्ये ३०,८५,४११, म्हणजे दहा वर्षांत अडीच लाख कमी. ठाकूरद्वार महापालिकेच्या ज्या सी आणि डी विभागांच्या सीमेलगत आहे, त्यांतला सी विभाग २,०२,९२२ वरून १,६६,१६१ वर आला. हे कमी झालेले सगळेच मराठी नव्हेत, भुलेश्वरचे जैन आणि धोबीतलावचे गोवेकरही उपनगरांत गेले.

‘रोज हजारो कुटुंबं मुंबईत उतरतात आणि राहतात.’ उतरत असतील, पण दोन जनगणनांतली बृहन्मुंबईची एकूण वाढ ४,६३,९२३ आहे. दहा वर्षांच्या दिवसांनी भागा, रोजचे १२७ येतात, आणि त्यांत इथे जन्मलेली बाळंही आली. येणारे जेवढे, जवळपास तेवढेच जाणारे. खरा लोंढा गेला ठाणे जिल्ह्यात, तो त्याच काळात ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर पोचला.

‘गुजराती लोक वाढले.’ १८८१ मध्ये चारांत एकाहून अधिक, २०११ मध्ये सुमारे साडेअकरा टक्के. दुकानांच्या पाट्या आणि घरांच्या किमती बघून लोकसंख्या ठरत नसते.

‘मराठी म्हणजे हिंदू.’ मग शनिवार तेली म्हणवणारे बेने इस्रायल ज्यू, कोकणी मुसलमान, वसई-गिरगावचे ख्रिस्ती आणि बाबासाहेबांबरोबर धम्म स्वीकारलेली बीडीडी चाळींतली कुटुंबं कोण? २०११ मध्ये मुंबईत बौद्ध जवळपास पाच टक्के होते आणि त्यांतले बहुतेक मराठीच.

‘हिंदी म्हणजे भैया.’ हा शब्द आधी टाकून द्यावा. जनगणनेत ‘हिंदी’ या एका शीर्षकाखाली भोजपुरी, मगही, राजस्थानी, छत्तीसगढी अशा पन्नासहून अधिक मातृभाषा एकत्र केल्या जातात, म्हणजे काळबादेवीचा मारवाडी सराफही बऱ्याचदा त्याच रकान्यात असतो. आणि आपण ज्याला सहज ‘गुजराती’ म्हणतो तो कच्छी बोलणारा दुकानदार जनगणनेच्या वर्गवारीत सिंधीखाली जातो.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून हल्ली आणखी एक ऐकू येतं, की असं मिसळलेलं शहर म्हणजे बिघाडच. तिथल्या कॅलिफोर्निया राज्यात २०२० च्या जनगणनेत हिस्पॅनिक ३९.४ टक्के आणि हिस्पॅनिक नसलेले गोरे ३४.७ टक्के होते, निम्म्यावर कोणीच नाही, आणि त्याच राज्यात आपली मुलं घरं घेऊन, गणपती बसवून राहतात. फरक एवढाच की तिथे माणसाला त्याचा वंश विचारतात, आपल्याकडे मातृभाषा.

‘आता मराठी वीसच टक्के उरलेत’ असा एक नवा आकडा मोबाइलवरून फिरतो आहे. हा तर सरळ बनावट, कारण २०११ नंतर मोजणीच झालेली नाही. २०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेली आणि आता ती १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख धरून होणार आहे. तोवर कोणाकडेही ताजा आकडा असू शकत नाही, माझ्याकडेही नाही.

त्या मोजणीबद्दल आमच्या वाडीत मी सगळ्यांना एक गोष्ट सांगत असतो. मातृभाषा म्हणजे राज्याचं नाव नाही, की शाळेचं माध्यम नाही. लहानपणी आई आपल्याशी ज्या भाषेत बोलली ती. प्रगणकाने परस्पर रकाना भरू नये म्हणून त्याच्यासमोर ती स्वतः सांगायची. आमच्या मजल्यावरच्या आजीने मागच्या वेळी ठणकावून ‘मालवणी’ सांगितलं होतं आणि तिला वाटलं मराठीत एक माणूस वाढलं. जनगणनेच्या वर्गवारीत मालवणी मोजली जाते कोकणी भाषेखाली, मराठीखाली नाही. कोळी बोली मात्र मराठीखाली धरतात. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘माझी आवस माझ्याशी मालवणीच बोलायची. मी तांच सांगितलंय, पुढच्या वेळाकय तांच सांगतलंय.’