व्हिएतनाम युद्ध लांबले कसे?

मार्च १९६५ मध्ये अमेरिकेचे सहायक संरक्षणमंत्री जॉन मॅकनॉटन यांनी एका टिपणात व्हिएतनाम युद्धाच्या उद्देशांची चक्क टक्केवारी मांडली: ७० टक्के नामुष्कीचा पराभव टाळणे, २० टक्के चीनला रोखणे आणि दक्षिण व्हिएतनामी जनतेचे भले १० टक्के. म्हणजे युद्धाचे मुख्य कारण स्वतःची अब्रू राखणे हेच होऊन बसले होते. आणि अशा वेळी यंत्रणा आकडेसुद्धा सोयीचे मागते. १९६७ मध्ये सीआयएचे विश्लेषक सॅम अ‍ॅडम्स सांगत होते, की शत्रूचे बळ लष्कर म्हणते त्याच्या जवळपास दुप्पट आहे. सायगावमधील अमेरिकी लष्करी मुख्यालय मात्र आकडा तीन लाखांच्या वर न्यायला तयार नव्हते. वर गेला असता तर ‘प्रगती’चा दावाच कोसळला असता. अखेर सीआयएने नमते घेतले. काही महिन्यांतच, जानेवारी १९६८ च्या अखेरीस, शत्रूने दक्षिणेत ठिकठिकाणी एकाच वेळी चढवलेल्या टेट हल्ल्याने खरे चित्र उघडे पाडले.

यावर कोणी म्हणेल, निर्णय तर निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षांचे होते आणि उत्तर व्हिएतनामही हटत नव्हता. दोन्ही खरे, आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही. पण नेता निर्णय घेतो तो समोर आलेल्या कागदांवर. आणि नकोसा कागद समोर आला, तर? बॉम्बफेक थांबवा, असे खुद्द संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी नोव्हेंबर १९६७ मध्ये लिहून दिले. चारच महिन्यांत ते पदावर नव्हते. युद्ध चालूच राहिले. त्यात मेलेल्या ५८,००० हून अधिक अमेरिकी सैनिकांपैकी निम्म्याहून जास्त मॅकनमारांच्या त्या टिपणानंतर मेले. व्हिएतनामी मृतांची संख्या तर लाखांत आहे.