माजी विद्यार्थ्यांनो, तालमीला या!

हिवाळ्यात उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या शाळांतून स्नेहसंमेलनाचे वारे वाहू लागते. माजी विद्यार्थीही आवर्जून येतात, पहिल्या रांगेत बसतात, टाळ्या वाजवतात. पण शाळेला त्यांची खरी गरज असते ती आधी, तालमीच्या दिवसांत.

शाळा-कॉलेजातले नाटक म्हणजे नुसती करमणूक नव्हे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. तेथील म. भि. चिटणीस सरांनी १९५५ मध्ये ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले आणि विद्यार्थ्यांनी ते रंगमंचावर उभे केले. १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळीही त्याचा प्रयोग झाला. आज दलित रंगभूमीचा इतिहास सांगताना या नाटकाचे नाव घ्यावेच लागते.

आपल्या वस्तीतल्या मुलींना मात्र अनेकदा साधी भूमिकाही मिळत नाही. तालीम संपेपर्यंत अंधार पडतो आणि आईवडील काळजीपोटी नको म्हणतात. एखादी माजी विद्यार्थिनी तालमीला थांबली, मुलींना घरापर्यंत सोडू लागली, तर तेच आईवडील हो म्हणतील. कामावरून लोकलने परतताना आठवड्यातून एक संध्याकाळ शाळेला द्या. हारतुऱ्यांपेक्षा ती मोलाची आहे, असे आम्हांला वाटते.