थायरॉइडची खबरबात, लेखांक ४ : खाल्लेलं अंगी का लागत नाही?

थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करू लागली की हृदयाची धडधड का वाढते, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आज पोटाचं बघू. माझ्या मते या आजाराचं निदान रेंगाळतं ते बरेचदा इथेच, कारण ‘पोट बिघडलंय’ हे उत्तर आपल्याकडे कायम तयार असतं. इसबगोल झालं, ताक झालं, जंताची गोळीही झाली. गळ्यातली ग्रंथी मात्र कुणाला आठवत नाही.

जुन्या वैद्यांचंही फार वेगळं नव्हतं. १८४०मध्ये जर्मनीतल्या मर्सेबुर्गच्या कार्ल फॉन बासेडो यांनी या आजाराची तीन ठळक लक्षणं नोंदवली : गलगंड, बाहेर आलेले डोळे आणि धडधड. त्या तिन्हींत पोटाला जागा नव्हती.

रक्तात टी-३ आणि टी-४ हे थायरॉइडचे हार्मोन वाढले की आतड्याच्या लहरींचा वेग वाढतो. तोंडात घातलेला घास मोठ्या आतड्यापर्यंत लवकर पोचतो, तिथे पाणी शोषून घ्यायला पुरेशी सवड राहत नाही. मग सकाळी एकदा जाणारा माणूस दिवसातून तीन-चारदा जाऊ लागतो. बहुतेकांना पाण्यासारखे जुलाब होत नाहीत. मऊसर, पण वारंवार होते. आव किंवा रक्त पडत असेल, तर कारण दुसरीकडे शोधायला हवं.

याच घाईत काहींना तेलतूप नीट पचत नाही, मल चिकट आणि तेलकट होतो. भूक खवळल्यामुळे खाणंही वाढलेलं असतं, त्याची भर पडते. तरी वजन उतरण्याचा दोष मुख्यतः आतड्याचा नाही. शरीरभर ऊर्जेचा खर्चच वाढलेला असतो आणि मिळकत त्याला पुरत नाही. काही तरुण रुग्णांचं वजन उलट वाढतं, कारण त्यांची भूक खर्चाच्याही पुढे जाते!

म्हाताऱ्या माणसांत सगळंच फिरतं. भूक मरते, कधी बद्धकोष्ठताही होते, माणूस गप्पगप्प राहतो, अंग उतरत जातं. घरचे कर्करोगाच्या धास्तीने तपासण्यांमागे लागतात आणि एक साधी रक्ततपासणी राहून जाते.

थायरॉइड कमी म्हणून रोज गोळी घेणाऱ्यांनीही हे वाचावं. डोस जास्त झाला तर पोटाच्या याच तक्रारी सुरू होतात. मात्र गोळी परस्पर बंद करू नका, आधी डॉक्टरांशी बोला.

उपचारांनी हार्मोनची पातळी ताळ्यावर आली की आतडंही बहुधा शांत होतं. धडधडीसाठी दिलेली प्रोप्रॅनोलॉलची गोळी त्याआधीच थोडा आराम देते. रिपोर्ट सुधारूनही शौचाच्या खेपा कमी होत नसतील, तर सीलिअ‍ॅक आजाराची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणाऱ्या इजेची, तपासणी करावी. ग्रेव्हज आजार, म्हणजे बासेडो यांनी नोंदवलेला तोच थायरॉइडचा आजार, असलेल्यांत सीलिअ‍ॅक इतरांपेक्षा जास्त आढळतो. थायरॉइडला आवर घालणारी कार्बिमॅझोलची गोळी चालू असताना ताप आला, घसा दुखला किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

भूक शाबूत, तरी वजन घटतंय आणि खेपा वाढल्यात, असं असेल तर टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. केसांसाठी बायोटिन घेत असाल, तर ते रक्त देण्याआधी डॉक्टरांना जरूर सांगा. त्याने थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.