गल्लीच्या तोंडापासून शाळेच्या फाटकापर्यंत

भिंगार हे नगर शहराच्या पूर्वेला, भुईकोट किल्ल्याच्या पलीकडे वसलेले गाव. आज ते शहराला इतके चिकटले आहे की हद्द कुठे संपते हे नवख्याला कळत नाही. गावाभोवती लष्कराचा मोठा विस्तार आहे. रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचे केंद्र आणि १९९४ मध्ये सुरू झालेले रणगाडा संग्रहालय याच परिसरात आहेत. नागरी वस्तीचा मोठा भाग कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या म्हणजे छावणी परिषदेच्या हद्दीत येतो. इथल्या आई-वडिलांची रोजची काळजी मात्र कुठल्याही गावातल्या आई-वडिलांसारखीच असते: मूल शाळेत कसे जाईल, सायकल कधी द्यायची, गल्लीत खेळताना गाडी आली तर काय, आणि खड्ड्याची तक्रार नेमकी कोणाकडे करायची.

या प्रश्नांचे मूळ रस्त्यांच्या रचनेत आहे. भिंगारमध्ये एका मुलाच्या वाटेत तीन प्रकारचे रस्ते येतात. पहिला प्रकार जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांचा. सदर बाजार आणि आसपासच्या या गल्ल्या अरुंद आणि वळणाच्या आहेत. दारापुढे दुचाकी उभ्या, ओट्यावर माणसे बसलेली. इथे गाडी वेगाने नेताच येत नाही. दुसरा प्रकार लष्करी भागातल्या रस्त्यांचा. दुतर्फा झाडे, वर्दळ कमी, मात्र तपासणी नाके आणि प्रवेशाचे निर्बंध. तिसरा प्रकार मोठ्या रस्त्यांचा. नगरहून पाथर्डीकडे जाणारा ६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग भिंगारला लागूनच जातो. नगरकर त्याला कल्याण–विशाखापट्टणम महामार्ग म्हणतात. त्यावरून मालमोटारी, एसटी आणि दुचाकी एकाच वेळी धावतात.

धोका गल्लीत कमी असतो आणि मोकळ्या लष्करी रस्त्यावरही बेताचाच असतो. तो दाटतो तो गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते त्या जागी. गल्लीतून सायकलवर निघालेले मूल गल्लीच्याच सवयीने बाहेर येते, आणि समोरून येणारा चालक महामार्गाच्या सवयीने गाडी हाकत असतो. कोपऱ्यावर टपरी, फळांची गाडी किंवा उभा टेम्पो असला की दोघेही एकमेकांना दिसत नाहीत. मुलाची वाट सुरक्षित आहे का हे पाहायचे असेल, तर सगळा रस्ता मोजण्याआधी असे दोन-तीन कोपरे पाहावेत.

या रस्त्यावरची वर्दळ वर्षभर सारखी नसते. नवरात्रात पाथर्डी तालुक्यातल्या मोहटादेवीला जाणारे भाविक याच दिशेने जातात. अनेक जण पायी, रात्रीच्या वेळी चालतात. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत मढीच्या कानिफनाथांच्या यात्रेची गर्दी असते. दिवाळीच्या सुमाराला गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड मजुरांच्या गाड्या आणि उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर जिल्ह्यातल्या सगळ्याच मोठ्या रस्त्यांवर दिसू लागतात. ट्रॉलीबाहेर लोंबणारा ऊस आणि मागे नसलेला रिफ्लेक्टर यांमुळे संध्याकाळी शिकवणीहून परतणाऱ्या सायकलस्वाराला हे वाहन फार उशिरा दिसते. जूनमध्ये ठरवलेली शाळेची वाट नोव्हेंबरात पुन्हा तपासावी लागते ती यामुळे.

वेगाचा हिशोब साधा आहे. ताशी ३० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ८ मीटर पुढे जाते. ५० किलोमीटरने जाणारी जवळजवळ १४ मीटर. समोर मूल दिसल्यावर ब्रेकवर पाय जायला चालकाला साधारण एक सेकंद लागतो, आणि मग गाडी थांबेपर्यंत आणखी अंतर जाते. कोरड्या रस्त्यावर, ब्रेक चांगले असताना, ३० च्या वेगात गाडी एकूण १३ मीटरच्या आसपास थांबते. ५० च्या वेगात २७–२८ मीटर लागतात. वेग दुपटीहून कमी वाढला, तरी थांबण्याचे अंतर दुप्पट झाले. शाळांच्या परिसरात ताशी २५ किलोमीटरची मर्यादा घालतात ती याच हिशोबाने.

रस्ता ओलांडण्याचे गणितही असेच. दोन पदरी रस्ता साधारण ७ मीटर रुंद असतो. दप्तर घेतलेले लहान मूल सेकंदाला एक मीटर चालते असे धरले, तर पलीकडे जायला त्याला ७ सेकंद लागतात. तेवढ्यात ५० च्या वेगाची गाडी जवळजवळ १०० मीटर अंतर कापते. म्हणजे दोन्ही बाजूंना निदान १०० मीटर रस्ता मोकळा दिसायला हवा. प्राथमिक शाळेतल्या मुलाला गाडी दिसते, पण ती किती वेगाने जवळ येते आहे याचा अंदाज येत नाही. ही समज वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षाच्या पुढे हळूहळू पक्की होते. उंचीमुळे उभ्या गाड्यांच्या पलीकडचेही त्याला दिसत नाही. ‘नीट बघून जा’ एवढ्या सूचनेने भागत नाही, कुठे उभे राहून बघायचे ती जागा दाखवून द्यावी लागते.

वेग कमी करण्याचा लोकप्रिय उपाय म्हणजे गतिरोधक. गल्लीकरांनी वर्गणी काढून सिमेंटचा उंचवटा करायचा, ही पद्धत सगळीकडे आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटीमीटर उंच असावा; त्याच्यावरून गाडी २५ च्या वेगाने सुरळीत जाते. हातभर रुंदीचा, टोकदार उंचवटा मोटारीपेक्षा सायकलस्वाराला आणि मागे मूल बसलेल्या दुचाकीला जास्त घातक ठरतो. त्यावर पांढरे-पिवळे पट्टे नसतील, तर रात्री तोच अपघाताचे कारण होतो.

सायकल ही मुलाची पहिली स्वतंत्र सवारी. पूर्वी तासावर भाड्याने आणलेल्या मोठ्या माणसांच्या सायकलवर दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत मुले शिकत. आता मुलांच्या मापाच्या सायकली मिळतात, पण ‘दोन वर्षे चालेल’ म्हणून मोठी सायकल घेण्याची सवय गेलेली नाही. माप पाहण्याची रीत सोपी आहे. सीटवर बसल्यावर शिकाऊ मुलाचे दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. दांडी दोन पायांत घेऊन उभे राहिल्यावर दांडी आणि मुलाच्या मध्ये थोडी जागा उरली पाहिजे. ब्रेकचा दांडा मुलाच्या बोटांत येतो का, हेही पाहावे. अनेक सायकलींचे ब्रेक इतके लांब किंवा कडक असतात की घाबरलेल्या मुलाला ते दाबताच येत नाहीत, आणि ते पाय घासत सायकल थांबवते.

शिकवताना साइड-व्हीलपेक्षा पायडल काढून टाकण्याची युक्ती बरी. सीट खाली करायची, पायडल उतरवायचे आणि मुलाला पायाने ढकलत सायकल चालवू द्यायची. तोल आधी जमतो आणि पायडल मारणे नंतर आपोआप येते. तोल आला म्हणजे रस्ता आला असे मात्र नाही. एका हाताने सायकल धरून दुसऱ्या हाताने वळण्याचा इशारा करता येणे, मान मागे वळवून पाहताना सायकल सरळ ठेवता येणे आणि सांगितलेल्या रेषेवर थांबता येणे, या तीन गोष्टी मैदानात जमल्याशिवाय मुलाला मोठ्या रस्त्यावर नेऊ नये. मागे लाल रिफ्लेक्टर, पुढे दिवा आणि वाजणारी घंटी ही किमान तयारी. सायकलसाठी हेल्मेटची सक्ती नसली, तरी ते भुवयांच्या वर दोन बोटांवर बसेल असे असावे. मागे सरकवलेले हेल्मेट कपाळ उघडे ठेवते.

शिक्षण हक्क कायद्याच्या राज्यातल्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. हे अंतर चालत किंवा सायकलने सहज जाण्याचे आहे. तरीही पालक दुचाकीवर तिघांना बसवून शाळेत सोडतात, आणि शाळा सुटताना फाटकाशी याच दुचाकींची कोंडी होते. फाटकापासून शंभर पावलांवर मुलाला उतरवून उरलेले अंतर चालू दिले, तरी ही कोंडी बरीच सैल होते.

दुचाकीबाबत कायदा स्पष्ट आहे. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट लागते. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा आणि हेल्मेट हवे आणि गाडीचा वेग ४० च्या आत हवा. हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीचाच, आणि बाजारातल्या नेहमीच्या स्कूटर ११० ते १२५ सीसीच्या असतात. नववी-दहावीच्या मुलाच्या हाती ती स्कूटर दिली, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालक किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. व्हॅन किंवा बसने जाणाऱ्या मुलांसाठी राज्याचे २०११ चे स्कूल बस नियम आहेत. त्यांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते आणि तिच्यात पालकांचा प्रतिनिधी असतो. व्हॅनमध्ये किती मुले कोंबली आहेत, हा प्रश्न तिथे विचारता येतो.

तक्रार कोणाकडे करायची, हा भिंगारचा खास गुंता आहे. नागरी वस्तीतल्या गल्ल्या, दिवे आणि गटारे यांची जबाबदारी २००६ च्या कॅन्टोन्मेंट कायद्यानुसार छावणी परिषदेकडे असते. तिचा अध्यक्ष लष्करी अधिकारी असतो आणि कारभार मुख्य कार्यकारी अधिकारी पाहतो. ई-छावणी या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. लष्करी भागातले रस्ते लष्कराकडे, महामार्ग राष्ट्रीय महामार्ग यंत्रणेकडे. आलमगीर वस्तीकडचा भाग नागरदेवळे गावाच्या हद्दीत मोडतो, आणि शहराच्या बाजूला २००३ मध्ये स्थापन झालेली महानगरपालिका सुरू होते. उभ्या गाड्या आणि वेग यांचा विषय पोलिसांचा. एखादा रस्ता कायमचा बंद करायचा झाल्यास सुरक्षेचे कारण वगळता लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात, असे कॅन्टोन्मेंट कायदा सांगतो. सायकलने शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी हे महत्त्वाचे, कारण शांत लष्करी रस्ता बंद झाला की वर्दळीचा रस्ताच उरतो.

अशा गुंत्यातून वाट निघू शकते, हे नेदरलँड्सने दाखवले. तिथे १९७१ मध्ये रस्ते अपघातांत सुमारे ३,३०० माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आपली मुलगी अपघातात गमावलेल्या एका पत्रकाराने १९७२ मध्ये लेख लिहिला आणि ‘मुलांची हत्या थांबवा’ या नावाने पालकांची चळवळ उभी राहिली. डेल्फ्टमधल्या काही वस्त्यांत रस्त्याला मुद्दाम वळणे आणि झाडे देऊन गाड्यांना पायी चालण्याच्या वेगावर आणले होते. १९७६ मध्ये अशा रस्त्यांना कायद्याची मान्यता मिळाली. भिंगारच्या जुन्या गल्ल्यांना ही वळणे आधीपासूनच आहेत.

त्यामुळे इथे काम उरते ते कोपऱ्यांचे: टपरी दोन-तीन मीटर मागे सरकवणे, झेब्रा पट्टा आणि दिवा, मानकाप्रमाणे गतिरोधक, आणि शाळा सुटण्याच्या वेळी एक पोलीस. अर्ज करताना ‘रस्ता खराब आहे’ असे मोघम न लिहिता कोपऱ्याचे नाव, वेळ, छायाचित्र आणि नेमका बदल लिहावा. त्याआधी पालकाने एकदा मुलाबरोबर, मुलाच्या वेळेला आणि मुलाच्या गतीने ती वाट चालून पाहावी. कोणता तुकडा कोणाचा आणि कुठे मुलाला पलीकडचे दिसत नाही, याची यादी त्या एका फेरीत तयार होते.