न संपणारी कैद

न्यायासनापुढें उभ्या असलेल्या मनुष्यास आपल्यावर आरोप कोणता आहे हेंच उमगत नसेल, तर त्याचा खटला कसा चालवावा? ज्याला स्वतःचा बचाव करतां येत नाहीं त्यास शिक्षा ठोठावणें हा न्याय नव्हे, हें तत्त्व इंग्रजी कायद्यानें फार पूर्वींच मान्य केलें. आपल्याकडे १८९८ च्या फौजदारी संहितेंत तें होतें, १९७३ च्या संहितेंत राहिलें, आणि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंतहि तें कायम आहे. असा आरोपी आढळला म्हणजे खटला तहकूब होतो, व त्याची बुद्धि ताळ्यावर आल्यास पुन्हां सुरू होतो.

हेतु दयेचा आहे यांत शंका नाहीं. परंतु ती बुद्धि कधींच ताळ्यावर आली नाहीं तर?

अमेरिकेंतील इंडियाना संस्थानांत थिऑन जॅक्सन नांवाचा एक मूकबधिर तरुण होता. त्याच्या बुद्धीची वाढ लहान मुलाइतकीच झालेली; लिहिणें-वाचणें ठाऊक नाहीं, मोजक्या खुणांपलीकडे भाषा नाहीं. त्याच्यावर दोन लुटींचे आरोप आले. एकींतील ऐवज ४ डॉलरांचा, दुसरींतील ५ डॉलरांचा. 'शहाणा झाल्याचा दाखला मिळेपर्यंत' त्यास मनोरुग्णालयांत ठेवावें, असा हुकूम झाला. सुधारणेची आशा जवळजवळ नाहीं, असें वैद्यांचें मत होतें. तेव्हां ९ डॉलरांसाठीं, गुन्हा शाबीत न होतांच, ही जन्मठेपच झाली! ७ जून १९७२ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें हा हुकूम रद्द केला. आरोपी सुधारण्याचा संभव आहे कीं नाहीं हें ठरविण्यास लागेल तेवढाच वाजवी काळ त्यास अडकवून ठेवावें. संभव नसेल तर इतर मनोरुग्णांस लागू असलेल्या रीतीनें ठेवावें, नाहींतर सोडून द्यावें, असा तो निर्णय होता.

आपल्या आसामांतील मचल लालुंग यांची हकीकत याहून दारुण आहे. १९५१ सालीं पकडले गेले तेव्हां ते ऐन तारुण्यांत होते. त्यांना तेजपूरच्या मनोरुग्णालयांत ठेविलें. १९६७ सालीं ते बरे असल्याचें रुग्णालयानें कळविलें. तरी सुटका न होतां त्यांची रवानगी तुरुंगांत झाली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानें लक्ष घातल्यावर २००५ सालीं, ५४ वर्षांनीं, अवघ्या १ रुपयाच्या मुचलक्यावर ते बाहेर आले. खटला चाललाच नव्हता. पुढें दोनच वर्षांनीं ते निवर्तले.

त्यांना शिक्षा कोणींच दिली नव्हती. विचारपूस कोणीं केली नाहीं, एवढेंच. आजच्या संहितेप्रमाणें, रुग्णालयांत ठेवून उपचार करण्याची जरुरी नसेल, आणि एखादा आप्त वा मित्र नियमित औषधोपचाराची व कोणास इजा न होऊं देण्याची हमी घेईल, तर अशा आरोपीस जामिनावर सोडतां येतें. म्हणजे सुटकेचा मार्ग पुष्कळदां आप्तांच्याच दारावरून जातो. वेडाची लाज वाटून घरांतील माणसाचें नांवहि न काढणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांनीं याचा विचार करावा. महिन्याकाठीं रुग्णालयास एक पत्र आणि वकिलाकडे अधूनमधून एक खेप, एवढ्यानेंहि तें माणूस विसरलें जाणार नाहीं.