चार अक्षरांचा पत्ता

आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन या क्षणीही फुप्फुसांतला प्राणवायू उचलून पेशींपर्यंत पोचवतं आहे. त्या रेणूच्या रचनेचा एक पत्ता सांगू? ४एचएचबी.

'प्रोटीन डेटा बँक' या खुल्या संग्रहात ही अक्षरं टाकली की एक फाइल उघडते. एका ओळीत एक अणू. साखळी 'ए', तिच्यातलं पहिलं अमिनो आम्ल व्हॅलिन, त्यातला नायट्रोजन. पुढे तीन आकडे, तो अणू अवकाशात नेमका कुठे आहे ते सांगणारे. माप अँगस्ट्रॉममध्ये, म्हणजे मीटरच्या एक हजार कोटीव्या भागात! अशा चार हजारांहून अधिक ओळी. ज्यांना हिमोग्लोबिनच्या रचनेचं कोडं उलगडल्याबद्दल १९६२ चं नोबेल मिळालं, त्या मॅक्स पेरुट्झ यांनी सहकाऱ्यांसह १९८४ मध्ये हे आकडे जमा केले. आज ते कुणीही फुकट उतरवून घेऊ शकतं.

वेबसाइट बदलतात, जुन्या लिंक मरतात. म्हणून या नोंदीला 'डीओआय' हा कायमचा क्रमांकही आहे. घर बदललं तरी आपला मोबाइल नंबर तोच राहतो, तसंच हे. फाइल दुसऱ्या सर्व्हरवर गेली की नोंदवहीत फक्त नवं ठिकाण लिहायचं, क्रमांक तोच. त्यामुळे शोधनिबंधाच्या संदर्भसूचीत पुस्तकाइतक्याच मानाने आकड्यांचाही उल्लेख करता येतो आणि ते मोजणाऱ्याला श्रेय मिळतं.

१९७१ मध्ये हा संग्रह सुरू झाला तेव्हा त्यात जेमतेम ७ रचना होत्या. आज २ लाखांहून अधिक आहेत, कारण रचना इथे जमा केल्याशिवाय नामांकित नियतकालिकं तिच्यावरचा निबंध छापत नाहीत. याच साठ्यावर शिकून 'अल्फाफोल्ड' ही संगणकप्रणाली प्रथिनांचे आकार ओळखू लागली आणि २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल डेमिस हसाबिस, जॉन जंपर आणि डेव्हिड बेकर यांना मिळालं. पहिल्या दोघांना याच प्रणालीसाठी. पन्नास वर्षं हजारो प्रयोगशाळांनी कण-कण पेरलेलं धान्य असं एकदम पिकलं.

ते आकडे कपाटातल्या वह्यांतच राहिले असते तर? पुढच्या वेळी एखादा शोधनिबंध हाती आला, तर निष्कर्षापाशी थांबू नका. मूळ आकडे कुठे ठेवले आहेत, ते शोधा. पत्ता असेल, तर दार उघडंच आहे.