कॅमेऱ्यांच्या विजेचा बंदोबस्त

घराच्या रक्षणासाठी कॅमेरे बसविण्याची प्रथा आता बंगल्यांपुरती न राहता गृहनिर्माण संस्थांच्या जिन्यांपर्यंत आणि गावाकडच्या एकट्या वाड्यांपर्यंत पोहोचली आहे. परंतु चित्र किती स्पष्ट दिसेल, अंधारात किती अंतरावरचा चेहरा ओळखू येईल, याची जी बारकाईने चौकशी खरेदीच्या वेळी होते, तिच्या दशांशानेही त्या कॅमेऱ्याला अहोरात्र वीज कोठून व कोणत्या मार्गाने मिळणार याची होत नाही. वस्तुतः पहाऱ्याची सारी विश्वासार्हता या उपेक्षित प्रश्नावरच अवलंबून आहे, आणि तो प्रश्न सोडविण्याची एक उत्तम तजवीज आज सामान्य गृहस्थाच्या आवाक्यात आली असल्यामुळे तिचा परिचय करून देणे मला अगत्याचे वाटते.

प्रचलित रीत अशी, की प्रत्येक कॅमेऱ्यासाठी जवळपास एक प्लग शोधावा, त्यात १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर खोचावा आणि तो भिंतीवरच्या प्लॅस्टिकच्या डबीत दडवावा. अशाने घराच्या चार कोपऱ्यांत विजेची चार स्वतंत्र ठिकाणे निर्माण होतात. त्यांतील एखादे पावसाळ्यात ओलावते, एखाद्याचे बटण झाडलोट करणारा माणूस अनवधानाने बंद करतो, आणि लोडशेडिंग सुरू झाले की सारीच एकदम निकामी होतात. याउलट, ज्या केबलीतून कॅमेऱ्याचे चित्र घरात येते तिच्यातूनच त्याला वीज पाठवता आली, तर हा सगळा विस्कळीत कारभार एका जागी गोळा करता येतो. हे काम करणारी धातूची चपटी पेटी म्हणजे पीओई स्विच. तिच्यात इंटरनेटच्या केबलीसाठी असतात तशी खाचेदार तोंडे, म्हणजे पोर्ट, असतात. प्रत्येक पोर्टातून एक केबल एका कॅमेऱ्याकडे जाते, आणि तीच वीज नेते व चित्र आणते.

कल्पना नवी नाही. आपल्या घरोघरी जुने टेलिफोन होते त्या काळी वीज गेली तरी फोन चालत असे, याचे कारण त्याला लागणारा ४८ व्होल्टचा प्रवाह घरातल्या प्लगमधून नव्हे, तर टेलिफोन एक्स्चेंजमधील बॅटऱ्यांच्या संचातून, बोलण्याच्याच तारेवरून येत असे. पुढे संगणकांच्या जाळ्यातून बोलणारे फोन कचेऱ्यांत आले, तेव्हा तीच सोय त्यांनाही हवीशी झाली, आणि २००३ साली आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने ८०२.३एएफ या नावाने तिचे प्रमाण मुकर्रर केले. त्यानुसार एका पोर्टातून १५.४ वॅट निघतात, त्यांतील तारेच्या वाटेवरची घट वजा जाता १२.९५ वॅट पलीकडे पोहोचण्याची हमी असते. २००९ च्या प्रमाणाने ही मर्यादा ३० वॅटपर्यंत आणि २०१८ च्या प्रमाणाने ९० वॅटपर्यंत वाढली. साध्या घरगुती कॅमेऱ्याला पहिलीच पायरी पुरते. मान वळवून चहूकडे पाहणाऱ्या कॅमेऱ्याला मात्र बहुधा दुसरी लागते.

येथेही विजेचा दाब ४८ व्होल्टांच्या आसपासच का ठेवला, याचे उत्तर मोठे बोधक आहे. नेटवर्कच्या केबलीतील तारा बारीक असतात, आणि १०० मीटर लांबीच्या केबलीत जाण्यायेण्याच्या मार्गाचा मिळून साडेबारा ओहमपर्यंत रोध गृहीत धरावा लागतो. सहा वॅटच्या कॅमेऱ्याला १२ व्होल्टांवर अर्धा अँपिअर प्रवाह हवा. तो या तारांतून धाडू गेल्यास सहाहून अधिक व्होल्ट वाटेतच खर्ची पडतील आणि कॅमेऱ्यापर्यंत निम्माही दाब पोहोचणार नाही. तेच सहा वॅट ४८ व्होल्टांवर पाठविले, तर प्रवाह एक-चतुर्थांश होतो, आणि उष्णतेत होणारा नाश प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे तो एक-षोडशांशावर येतो. शिवाय हा दाब ६० व्होल्टांच्या आत राहत असल्याने, घरातल्या २३० व्होल्टांच्या मानाने तो माणसाला पुष्कळच निर्धोक असतो.

या योजनेचा मला सर्वांत विलोभनीय वाटणारा भाग असा, की प्रमाणबद्ध स्विच कोणालाही न विचारता वीज देत नाही. केबल जोडताच तो प्रथम दहा व्होल्टांहूनही कमी असा क्षीण दाब लावून पलीकडे सुमारे २५ हजार ओहमचा एक विशिष्ट रोध आहे की नाही, याची खातरजमा करतो. हा रोध वीज मागणाऱ्या उपकरणाची ओळखखूण होय. ती पटली नाही, समजा पलीकडे साधा लॅपटॉप असला, तर तो वीज सोडतच नाही. पटली, तर मागणी कोणत्या वर्गातली याचा अंदाज घेऊन मगच पूर्ण दाबाने पुरवठा सुरू होतो, आणि केबल उपटली की तो क्षणार्धात थांबतो. बाजारात ‘पॅसिव्ह पीओई’ म्हणून जी स्वस्त साधने मिळतात ती ही विचारपूस करीत नाहीत, जे जोडाल त्यात वीज लोटतात. ती घेऊ नयेत, असे मी निःसंकोचपणे सांगतो.

स्विच निवडताना मात्र एका ठिकाणी चोख हिशेब हवा. पोर्टांची संख्या आणि विजेची एकूण तरतूद या दोन स्वतंत्र बाबी आहेत. समजा आठ पोर्टांच्या स्विचची एकूण क्षमता ६० वॅट आहे आणि प्रत्येक कॅमेरा दिवसा चार वॅट घेतो. बत्तीस वॅटांत सारे सुखाने चालेल. परंतु सूर्यास्तानंतर आठही कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे थोड्याच अवधीत एकामागून एक लागतात; त्या वेळी प्रत्येकाची गरज नऊ वॅटांवर गेली तर मागणी ७२ होते, आणि स्विच आपल्या बचावासाठी एखाद्या पोर्टाचा पुरवठा तोडतो. दिवसभर निर्दोष चाललेला कॅमेरा नेमका रात्री आंधळा होण्याचे हे एक कारण असते, आणि दोष कॅमेऱ्यावर येतो. यास्तव माहितीपत्रकातील कमाल आकडा, म्हणजे रात्रीचा आकडा, धरूनच बेरीज करावी व तीवर चतुर्थांशाएवढी शिल्लक ठेवावी.

केबल शुद्ध तांब्याचीच असावी. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली, सीसीए म्हणून ओळखली जाणारी केबल निम्म्या किमतीचा मोह घालते. पण तिचा रोध अधिक, ती अधिक तापते, आणि वारंवार वाकवल्यास तिच्या तारा लवकर तुटतात. कोकणासारख्या मुलखात जोडांच्या ठिकाणी ओल शिरू न देण्याची विशेष दक्षता हवी, कारण ओल्या जोडातून सतत एकाच दिशेने वाहणारी वीज धातूच्या पिना झपाट्याने खाऊन टाकते. भिंतीत शिरण्यापूर्वी केबलीला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच ठिबकते. दुसऱ्या इमारतीपर्यंत जावयाचे असेल तर तांब्याऐवजी काचतंतूची, म्हणजे फायबरची, केबल न्यावी. विजांच्या कडकडाटात दोन इमारतींच्या जमिनीच्या विद्युतदाबात जो फरक पडतो, तो तांब्याच्या मार्गाने आत शिरून दोन्हीकडची यंत्रे जाळू शकतो.

बाहेरच्या भिंतीवरची केबल हा घरातील जाळ्यात शिरण्याचाही मार्ग आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. कॅमेरा काढून त्या जागी कोणी आपला संगणक जोडला, तर तो घरातील इतर यंत्रांपर्यंत पोहोचू नये, म्हणून कॅमेऱ्यांचे जाळे वेगळे राखण्याची सोय असलेला स्विच घ्यावा आणि कारखान्यातून आलेले पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावे. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने असेच न बदललेले पासवर्ड वापरून जगभरातील असंख्य कॅमेरे आपल्या कब्जात घेतले होते.

एवढी व्यवस्था झाली, की स्विच, चित्रण साठविणारा एनव्हीआर आणि राउटर ही तिन्ही यंत्रे एकाच कपाटात, परंतु हवा खेळती राहील अशी, ठेवून एका इन्व्हर्टरवर घालता येतात. त्या इन्व्हर्टरचे बटण यूपीएसच्या जागी असावे. एरवी वीज गेल्यावर बॅटरीवर येण्यास लागणाऱ्या क्षणभराच्या विलंबानेही सर्व यंत्रे बंद पडून नव्याने सुरू होतात, आणि तेवढा वेळ घरावर कोणाचीच नजर राहत नाही. बसविणाऱ्या कारागिराचे देणे चुकते करण्यापूर्वी, अंधार पडल्यावर व सर्व कॅमेऱ्यांचे दिवे लागल्यावर, घराचे मुख्य बटण त्याच्याच देखत बंद करावे, एकही चित्र खंडित होत नाही ना ते पाहावे, आणि बॅटरी किती तास टिकते ते मोजून तो आकडा कपाटाच्या दारावर लिहून ठेवावा.